वेग घटतो, जोर वाढतो : चिखल, जंगल आणि खाणीत चालणाऱ्या वाहनांमधील गिअरचे गणित

भंडारा : मृगाच्या सरी येऊन जातात, पऱ्हे वीतभर वाढतात आणि जिल्ह्यातील बांध्यांमध्ये रोवणीपूर्वीच्या चिखलणीला वेग येतो. वेग हा शब्द येथे केवळ म्हणण्यापुरताच. कारण गुडघाभर चिखलात लोखंडी केज व्हील लावून फिरणारा ट्रॅक्टर माणसाच्या चालण्याइतक्या गतीनेच पुढे सरकत असतो. हाच ट्रॅक्टर दिवाळीनंतर धानाची पोती भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याने ताशी २५ ते ३० किलोमीटर वेगाने धावताना दिसतो. इंजिन तेच, डिझेल तेच, चालकही तोच. बदललेली असते ती केवळ गिअरच्या दांड्याची जागा.

या साध्या वाटणाऱ्या बदलामागे यंत्रविद्येतील एक मूलभूत नियम आहे. इंजिनाचे वेगवान फेरे दातेरी चाकांच्या साह्याने कमी करायचे आणि त्या बदल्यात चाकाला फिरविणारा जोर वाढवायचा, असा हा व्यवहार आहे. त्याला 'गिअर रिडक्शन' असे म्हणतात. मराठीत त्याला गिअर-घट म्हणता येईल. रस्ता सोडून चालणाऱ्या प्रत्येक वाहनाचा हा आधार होय. बांधीतील ट्रॅक्टर, नागझिऱ्याच्या जंगलातील जिप्सी, डोंगरी बुजुर्गच्या उघड्या मँगनीज खाणीसारख्या ठिकाणी लागणारे डंपर किंवा सैन्याचा ट्रक यांपैकी कोणालाही या नियमातून सुटका नाही. तो नीट समजला तर क्लच प्लेट, डिझेल आणि वेळ वाचतो. समजला नाही तर प्रसंगी जीव गमवावा लागतो.

टॉर्क म्हणजे काय?

वाहनाच्या माहितीपत्रकात दोन आकडे ठळकपणे दिलेले असतात. एक अश्वशक्तीचा आणि दुसरा टॉर्कचा. यांतील टॉर्क म्हणजे एखादी वस्तू आसाभोवती फिरविणारा जोर. पाना धरून नट सोडविताना हात जितका दूर धरावा तितका नट सहज सुटतो, हा सर्वांचा अनुभव आहे. हाताचा जोर आणि आसापासूनचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. तो न्यूटन मीटर या एककात मोजतात. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलो वजन टांगले तर नटावर जवळजवळ १०० न्यूटन मीटर टॉर्क येतो.

शक्ती ही वेगळी गोष्ट आहे. ठरावीक वेळात किती काम होते, हे शक्ती सांगते. टॉर्क आणि मिनिटाला होणारे फेरे यांचा गुणाकार करून त्याला ९,५४९ ने भागले की किलोवॅटमध्ये शक्ती मिळते. म्हणजे मिनिटाला २,००० फेरे घेणारे इंजिन १६० न्यूटन मीटर टॉर्क देत असेल तर त्याची शक्ती सुमारे ३३.५ किलोवॅट, अर्थात ४५ अश्वशक्ती होते. आपल्याकडील मध्यम आकाराच्या ट्रॅक्टरचे इंजिन साधारण याच ताकदीचे असते.

गिअर शक्ती निर्माण करीत नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तो केवळ शक्तीचे रूप पालटतो. शेतातला मोठा धोंडा हातांनी हलत नाही, पण पहारीने हलतो. त्यासाठी पहारीचे टोक मात्र दोन हात खाली दाबावे लागते आणि धोंडा जेमतेम दोन बोटे उचलला जातो. जोर वाढला, अंतर घटले. गिअर म्हणजे न थांबता फिरत राहणारी पहारच होय.

दातांचा हिशेब

एका लहान दातेरी चाकाला १५ दात आहेत आणि त्याच्याशी जुळलेल्या मोठ्या चाकाला ४५ दात आहेत, असे समजू. लहान चाकाचे तीन फेरे होतील तेव्हा मोठ्या चाकाचा एक फेरा पूर्ण होईल. या जोडीचे गुणोत्तर तीनास एक. मोठ्या चाकाचा वेग एक तृतीयांश झाला, परंतु त्याच्या आसावरील टॉर्क तिप्पट झाला. फेरे आणि टॉर्क यांचा गुणाकार मात्र पूर्वीइतकाच राहिला. दातांचे घर्षण, बेअरिंग आणि तेल यांमुळे थोडी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यामुळे प्रत्यक्ष लाभ हिशेबापेक्षा काहीसा कमी असतो.

वाहनात अशी घट एकाच ठिकाणी होत नाही. ती टप्प्याटप्प्याने होते आणि प्रत्येक टप्प्याच्या गुणोत्तराचा गुणाकार करावा लागतो. पहिला टप्पा गिअरबॉक्सचा. तेथे चालक दांड्याने गुणोत्तर बदलू शकतो. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनात दुसरा टप्पा ट्रान्सफर केसचा असतो. तेथे 'हाय' आणि 'लो' अशा दोन श्रेणी मिळतात. तिसरा टप्पा ॲक्सलमधील क्राउन आणि पिनियनचा. काही अवजड वाहनांत चौथा टप्पा थेट चाकाच्या हबमध्येच बसविलेला असतो.

जुन्या जीपचे उदाहरण

हा गुणाकार समजण्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपसारखे सोपे उदाहरण नाही. याच जीपच्या घराण्यातील गाड्यांची जुळणी मुंबईत महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली आणि पुढील अनेक दशके त्या घराण्यातील गाड्यांनी महाराष्ट्राच्या कच्च्या वाटा तुडविल्या. मूळ जीपचे इंजिन २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे. त्याचा सर्वाधिक टॉर्क सुमारे १४२ न्यूटन मीटर. आजच्या हिशेबाने ही ताकद एखाद्या लहान मोटारीइतकीच आहे. तरीही ही गाडी जेथे जाई तेथे मोटार जाऊ शकत नसे, याचे कारण तिच्या गिअरमध्ये होते.

तिच्या गिअरबॉक्समध्ये तीन गिअर होते. पहिल्याचे गुणोत्तर २.६६५ आणि तिसऱ्याचे १. ट्रान्सफर केसच्या लो श्रेणीचे गुणोत्तर १.९७ आणि ॲक्सलचे ४.८८. आता इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत आहे आणि पूर्ण टॉर्क देत आहे, असे धरू. टायरचा एक फेरा म्हणजे सुमारे २.२ मीटर अंतर.

हाय श्रेणीतील तिसऱ्या गिअरमध्ये एकूण घट फक्त ४.८८. चाके मिनिटाला सुमारे ४१० फेरे घेतात आणि वेग ताशी ५४ किलोमीटर होतो. चाकांवर मिळणारा टॉर्क सुमारे ६९० न्यूटन मीटर.

हाय श्रेणीतील पहिल्या गिअरमध्ये एकूण घट १३. वेग ताशी सुमारे २० किलोमीटर. टॉर्क सुमारे १,८५० न्यूटन मीटर.

लो श्रेणीतील पहिल्या गिअरमध्ये २.६६५, १.९७ आणि ४.८८ यांचा गुणाकार होऊन एकूण घट २५.६ वर जाते. वेग ताशी अवघा १० किलोमीटर. टॉर्क मात्र ३,६०० न्यूटन मीटरच्या पुढे.

टायरची त्रिज्या विचारात घेतली तर अखेरच्या स्थितीत गाडीला पुढे ढकलणारे बल जवळजवळ १,००० किलो वजनाइतके होते. जीपचे स्वतःचे वजन सुमारे १,१०० किलो होते, हे पाहिले म्हणजे ती नाल्याच्या उभ्या काठावर कशी चढत असे याचा उलगडा होतो. इंजिन बदलले नाही, शक्ती वाढली नाही. वेगाचा त्याग करून जोर मिळविला, एवढेच घडले.

आजच्या गाड्यांतही तत्त्व तेच आहे. मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली आणि सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची निर्मिती २०१९ च्या सुमारास थांबली. १.३ लिटर इंजिनाच्या जिप्सीत ट्रान्सफर केसचे हाय गुणोत्तर १.४०९ आणि लो गुणोत्तर २.२६८ होते. म्हणजे तोच गिअर ठेवून केवळ लहान दांडा लो श्रेणीत ओढला की जोर सुमारे १.६ पट होई आणि वेग त्याच प्रमाणात घटे. २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीतही लो श्रेणी कायम आहे. खडकाळ प्रदेशासाठीच घडविलेल्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये तर लो श्रेणीचे गुणोत्तर चारास एक असते. २०२१ पासून रँग्लरची जुळणी पुण्याजवळील रांजणगाव येथे सुरू झाली.

बांधीतील ट्रॅक्टर

ट्रॅक्टरमध्ये ही घट आणखी टोकाची असते. मोठा आणि लहान असे दोन दांडे, बहुधा आठ पुढचे गिअर, त्यानंतर क्राउन-पिनियन आणि मागच्या चाकाजवळ आणखी एक घट, अशी ही रचना आहे. सोयीसाठी ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे ढोबळ आकडे घेऊ. इंजिन २,००० फेऱ्यांवर १६० न्यूटन मीटर देते. मागच्या चाकाची त्रिज्या सुमारे ६२ सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात ३.९ मीटर अंतर.

सर्वांत वरच्या गिअरमध्ये एकूण घट १६ धरली तर चाक मिनिटाला १२५ फेरे घेते आणि वेग ताशी २९ किलोमीटर होतो. ओढण्याचे बल सुमारे ४२० किलो वजनाइतके. सपाट रस्त्यावर भरलेली ट्रॉली एकदा चालू लागली की ती ओढत नेण्यास एवढे पुरते.

सर्वांत खालच्या गिअरमध्ये घट १६० धरली तर चाकाचे फेरे मिनिटाला साडेबारा आणि वेग ताशी तीन किलोमीटरपेक्षाही कमी. ओढण्याचे बल मात्र कागदावर चार टनांच्या पुढे जाते. दहापट वेग सोडला, दहापट जोर मिळाला.

चिखलणी करताना रोटाव्हेटर लावला असेल तर मंद गतीचा आणखी एक लाभ होतो. रोटाव्हेटरला फिरविणारा मागचा पीटीओ शाफ्ट ठरावीक इंजिन-गतीला मिनिटाला ५४० फेरे घेतो. तो चाकांच्या गिअरवर अवलंबून नसतो. त्यामुळे ट्रॅक्टर जितका हळू पुढे जाईल तितके प्रत्येक हातभर जमिनीवर पात्यांचे घाव अधिक पडतात आणि चिखल लोण्यासारखा होतो. वरचा गिअर टाकून काम लवकर उरकले तर डिझेल वाचल्याचे समाधान मिळते, परंतु ढेकळे राहतात आणि रोवणी करणाऱ्या बायांना त्याचा त्रास होतो.

जोर आहे, पण पकड?

येथेच अनेकांची गफलत होते. वरील हिशेबात चार टनांचे बल दिसले. पण संपूर्ण ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास असते. हे बल प्रत्यक्ष जमिनीवर लागू करता येईल का, हे गिअर ठरवीत नाही, जमीन ठरविते.

चाक आणि जमीन यांच्यातील पकड ही चाकावरील भार आणि जमिनीचा प्रकार यांवर अवलंबून असते. मागच्या चाकांवर १,३०० किलो भार आहे असे धरले तर कोरड्या कठीण जमिनीवर त्याच्या ७० टक्के, म्हणजे सुमारे ९०० किलोपर्यंत ओढ मिळू शकते. ओल्या कन्हार जमिनीत हेच प्रमाण ३० टक्क्यांवर आले तर ओढ ४०० किलोच्या आत येते. त्यापुढचा जोर चाक जागच्या जागी गरगर फिरविण्यात खर्च होतो. चाक फिरते, खड्डा खोल होतो आणि ट्रॅक्टर ॲक्सलपर्यंत रुततो.

म्हणून रुतलेल्या वाहनाला 'आणखी जोर' देणे हा उपाय नव्हे. पकड वाढविणे हा उपाय आहे. केज व्हील त्यासाठीच असते. त्याच्या लोखंडी पट्ट्या चिखलाखालच्या घट्ट थरात रुततात आणि भार मोठ्या क्षेत्रावर पसरवितात. चाकांत पाणी भरणे, मागे वजन लावणे, डिफरन्शियल लॉक दाबून दोन्ही चाकांना एकत्र फिरविणे हे सारे पकडीचेच उपाय आहेत. चारचाकी शक्तीचा लाभही हाच. जोर तेवढाच राहतो, पण तो दोनऐवजी चार चाकांतून जमिनीला दिला जातो.

याच कारणाने निसरड्या जागी सर्वांत खालचा गिअर हा नेहमीच योग्य नसतो. पहिल्या लो गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवर पाय जरा जड पडला तरी टॉर्क पकडीची मर्यादा ओलांडतो आणि चाक घसरते. अशा वेळी लो श्रेणीतील दुसरा किंवा तिसरा गिअर अधिक उपयोगी पडतो. वैनगंगेच्या पात्रातील कोरड्या वाळूतही तसेच आहे. तेथे थांबून थांबून जोर लावण्यापेक्षा मंद पण अखंड गती राखणे महत्त्वाचे ठरते. खडकाळ चढ, दगडी नाला किंवा उभा काठ असेल तेव्हा मात्र पहिला लो गिअर हाच खरा सोबती.

उतारावरचा उलटा उपयोग

गिअर-घट चढताना जशी उपयोगी, तशीच उतरताना. ॲक्सिलरेटर सोडला की चाके इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन त्याला विरोध करते. हा विरोधही त्याच गुणोत्तराने वाढून चाकांपर्यंत पोहोचतो. इंजिनाचा विरोध ३० न्यूटन मीटर धरला तर वरील जीपमध्ये हाय श्रेणीच्या तिसऱ्या गिअरला चाकांवर जेमतेम १४६ न्यूटन मीटर रोध मिळेल. लो श्रेणीच्या पहिल्या गिअरला तो ७६० च्या वर जाईल. म्हणजे ब्रेकला हात न लावता गाडी मुंगीच्या चालीने उतरेल.

तुमसर तालुक्यातील अंबागड आणि गायमुख परिसरातील डोंगरवाटांवर किंवा गोसीखुर्द धरणाच्या परिसरातील कालव्यांच्या उतरत्या काठांवर हे ज्ञान मोलाचे आहे. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय अनेक चालकांना असते. तसे केल्याने इंजिनाचा रोध पूर्ण नाहीसा होतो. भरलेली ट्रॉली मागून रेटते, ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होत जाते. ज्या गिअरमध्ये चढ चढला, त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतार उतरावा, हा जुना दंडक म्हणूनच खरा आहे. गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच निवडावा. मध्येच क्लच दाबून गिअर शोधत बसणे म्हणजे वाहन मोकळे सोडणे होय.

जंगलातील मंद चाल

डिसेंबर २०१३ मध्ये घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प भंडारा आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांत पसरला आहे. साकोली तालुक्यातील पिटेझरी येथून नागझिऱ्यात प्रवेश करता येतो. जंगलातील वाटा अरुंद, खडीच्या आणि ठिकठिकाणी ओहोळांनी तुटलेल्या असतात. प्राणी बिथरू नयेत म्हणून गाडी सावकाश आणि शक्य तितक्या कमी आवाजात चालवावी लागते. लो श्रेणीत इंजिन फारसे न गुरगुरता, क्लच अर्धवट न दाबता, माणसाच्या चालीने गाडी नेता येते. हाय श्रेणीत तीच गती राखायची तर क्लच सतत घासावा लागतो. क्लच प्लेट जळण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

अशा बऱ्याच गाड्यांत चारचाकी शक्ती जोडताच पुढचा व मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये पक्के जखडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. त्यांना अधिक फेरे घ्यावे लागतात, पण जखडलेले शाफ्ट तशी मुभा देत नाहीत. माती किंवा खडीवर चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. डांबरी रस्त्यावर घसरायला वाव नसतो. मग शाफ्टमध्ये पीळ साठत जातो, सुकाणू जड होते आणि शेवटी एखादा जोड तुटतो. त्यामुळे जंगलातून महामार्गावर येताच अशा गाड्यांची चारचाकी शक्ती सोडून देणे आवश्यक असते.

खाणीतील डंपर आणि हबमधील गिअर

डोंगरी बुजुर्ग येथील मॉईलची मँगनीज खाण ही उघडी खाण आहे. अशा खाणींत भरलेला डंपर तळापासून काठापर्यंत एकसारखा चढ चढत येतो. त्याला लागणारा प्रचंड टॉर्क गिअरबॉक्समध्येच निर्माण केला तर तो पुढे प्रत्येक शाफ्टमधून वाहून न्यावा लागेल आणि ते शाफ्ट मांडीएवढे जाड करावे लागतील. म्हणून अवजड वाहनांत शेवटची मोठी घट चाकाच्या हबमध्येच करतात.

त्यासाठी ग्रहमालेसारखी रचना वापरली जाते. मध्यभागी लहान सूर्य-गिअर, त्याभोवती फिरणारे तीन किंवा अधिक ग्रह-गिअर आणि बाहेर आतल्या बाजूने दात असलेले कडे. कडे स्थिर ठेवले आणि सूर्य-गिअर फिरविला की ग्रहांना धरणारी चौकट मंद पण जोरदार फिरते. घट काढण्याचे सूत्र सोपे आहे. कड्याच्या दातांना सूर्याच्या दातांनी भागून त्यात एक मिळवायचा. कड्याला ६० आणि सूर्याला २० दात असतील तर घट चारास एक. भार एकाच दातावर न येता सर्व ग्रहांत वाटला जातो, त्यामुळे लहान जागेत मोठा जोर सामावतो. ॲक्सलच्या शाफ्टवर केवळ एक चतुर्थांश टॉर्क येतो, हा आणखी एक लाभ.

गडेगावचा गिअरबॉक्स

या विषयाशी भंडारा जिल्ह्याचे नाते केवळ वापरापुरते नाही. पूर्वीच्या सहा क्रमांकाच्या आणि आताच्या ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गालगत, लाखनीजवळील गडेगाव येथे अशोक लेलँड कंपनीचा कारखाना १९८२ पासून उभा आहे. जर्मनीच्या झेड. एफ. कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारित सिंक्रोमेश गिअरबॉक्स तयार करणारा कारखाना म्हणून तो ओळखला गेला. सैन्यात सर्वत्र दिसणारा स्टॅलियन हा चारचाकी शक्तीचा ट्रक याच कंपनीचा. त्याची निर्मिती परवान्याने जबलपूरच्या वाहन कारखान्यातही झाली.

सिंक्रोमेश रचनेचे महत्त्व जुन्या ट्रकचालकांना अधिक कळेल. गिअर बदलताना जोडल्या जाणाऱ्या दोन भागांचे फेरे वेगवेगळे असतात. पूर्वी क्लच दोनदा दाबून, इंजिनाचे फेरे अंदाजाने जुळवून गिअर टाकावा लागे. अंदाज चुकला की दात करकरत. सिंक्रोमेशमध्ये पितळी किंवा तत्सम कडे आधी घर्षणाने दोन्ही भागांचे फेरे समान करते आणि नंतरच दात जुळतात. ट्रान्सफर केसमध्ये मात्र ही सोय पुष्कळ वाहनांत नसते. त्यामुळे लो श्रेणी टाकण्यापूर्वी गाडी थांबवावी किंवा जवळजवळ थांबलेली असावी, असे उत्पादक सांगतात. लो श्रेणीत वेगाने गाडी पळविणेही घातक ठरते, कारण थोड्याशा वेगालाही इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जातात.

ट्रॅक्टर उलटतो तेव्हा

गिअर-घटीचा सर्वांत गंभीर धोका ट्रॅक्टरशी निगडित आहे. न्यूटनच्या नियमानुसार ॲक्सल जेवढ्या टॉर्कने चाकाला पुढे फिरवितो, तेवढ्याच टॉर्कने चाक ट्रॅक्टरच्या धडाला उलट दिशेने फिरवू पाहते. चाक फिरत असेपर्यंत पुढचे वजन हा टॉर्क सहज पेलते. परंतु चाक चिखलात घट्ट अडकले, त्याखाली ओंडका टाकला किंवा चाकालाच लाकूड बांधले तर चाक फिरूच शकत नाही. अशा वेळी खालच्या गिअरमधील प्रचंड टॉर्क ट्रॅक्टरचे नाकच वर उचलतो. मग ट्रॅक्टर चाकाभोवती मागे फिरतो आणि चालकावर पालथा पडतो. हे सारे साधारण दीड सेकंदात घडते. क्लच दाबायलाही सवड मिळत नाही.

ओढायची साखळी किंवा दोर ॲक्सलच्या वर बांधला तरी हाच प्रकार होतो. ओढ जितकी उंचावर, तितका ट्रॅक्टर मागे कलंडण्याचा धोका अधिक. म्हणून साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. रुतलेला ट्रॅक्टर शक्यतो मागे घेऊन काढावा, कारण मागे जाताना हाच टॉर्क पुढचा भाग जमिनीकडे दाबतो. चाकापुढची माती उकरावी. तरीही न निघाल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरची मदत घ्यावी आणि दोराजवळ कोणालाही उभे राहू देऊ नये. क्लच झटक्याने सोडू नये. संरक्षक चौकट बसविलेली असल्यास पट्टा बांधावा. रोवणीच्या घाईत एक तास गेला तरी चालेल, हा विचार या ठिकाणी महत्त्वाचा.

टायर बदलला की गणित बदलते

गाडी उंच दिसावी म्हणून मोठे टायर लावण्याची हौस तरुणांमध्ये दिसते. टायर हाही गिअरचाच शेवटचा टप्पा आहे, हे त्यात विसरले जाते. टायरचा व्यास १० टक्क्यांनी वाढला तर ओढण्याचे बल सुमारे ९ टक्क्यांनी घटते, ॲक्सलवरचा ताण वाढतो, ब्रेकचा परिणाम कमी होतो आणि वेगमापक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवितो. मूळ ओढ हवी असेल तर ॲक्सलचे क्राउन-पिनियनही अधिक घटीचे बसवावे लागते. हा खर्च टायरच्या किमतीत धरलेला नसतो.

विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे हे शास्त्र कालबाह्य होईल, असेही नाही. विद्युत मोटर थांबलेल्या स्थितीतूनच पूर्ण टॉर्क देऊ शकते, त्यामुळे अनेक गिअरची गरज उरत नाही. परंतु मोटरचे फेरे मिनिटाला हजारोंच्या घरात असतात. ते चाकाला पेलवतील इतके कमी करण्यासाठी तेथेही गिअर-घट लागतेच.

इंजिन मोठे असले म्हणजे गाडी कोठूनही निघते, हा समज त्यामुळे बाजूला ठेवलेला बरा. जोर गिअर देतो, पकड जमीन देते आणि दोहोंचा मेळ चालकाला घालावा लागतो. पांदणीच्या तोंडाशी क्षणभर थांबून पुढची वाट पाहणारा आणि मगच लो श्रेणीचा दांडा ओढणारा चालक हा मेळ जाणून असतो. त्याची गाडी उशिरा पोहोचेल, परंतु पोहोचेल.